वाचक विचारतात: कवळी, जबडा आणि बाइटचं माप

मागच्या अंकात हिरड्यांवर लिहिलं आणि पत्रं मात्र आली कवळीची, ती पण ढीगभर. सैल आहे, टोचते, बोलताना वाजते, डब्यातच पडून असते. सगळी वाचली. माप चुकलं असं बरेच जण लिहितात आणि त्यांना हिरडीचं माप म्हणायचं असतं, ट्रेमध्ये मसाला भरून तोंडात दाबतात ते. पण यातल्या कितीतरी तक्रारी त्या मापाच्या नाहीतच, दुसऱ्याच मापाच्या आहेत. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांपासून किती लांब राहतात आणि एकमेकांच्या नेमके कुठे समोर येतात ते माप, ज्याला आम्ही क्लिनिकमध्ये बाइट घेणं म्हणतो. पेशंटला ते सगळ्यात फालतू काम वाटतं, मेण चावायचं आणि घरी जायचं, आणि मला मनापासून वाटतं की कवळी बनते किंवा बिघडते ती याच दिवशी. म्हणून या वेळी त्याच पत्रांना उत्तरं देते.

डॉक्टर, नमस्कार. आईचं वय ७१. चार महिन्यांपूर्वी वरची-खालची पूर्ण कवळी केली. घट्ट बसते, पडत नाही. पण आई बोलायला लागली की दात टकटक वाजतात, फोनवरसुद्धा ऐकू येतं. संध्याकाळपर्यंत जबडा दुखून येतो आणि खालची हिरडी सगळीकडे लाल असते. डॉक्टरांनी टोचतं तिथे बऱ्याचदा घासून दिलं, आता म्हणतात सवय होईल. मेणाचं माप घेतलं तेव्हा मी तिथेच होतो, "आजी चावा" म्हणाले, आई चावली, पाच मिनिटांत झालं. नक्की चुकलं काय? – एक वाचक, सातारा

दादा, तुम्ही सगळं इतकं नीट लिहिलंय की अर्धं निदान पत्रातच आहे. कवळी घट्ट बसते म्हणजे हिरडीचं माप चांगलं आलंय. बोलताना वाजणं, संध्याकाळी जबडा दुखणं आणि एका जागी नाही तर सगळी हिरडी लाल, हे तिन्ही एकत्र आलं की पहिला संशय उंचीवर जातो, म्हणजे कवळीची बाइट उंच झाली असावी. तोंड न बघता मी छातीठोक सांगणार नाही, पण तपासायची सुरुवात इथूनच करायची.

आता उंची म्हणजे काय, तर दात टेकलेले असताना वरचा-खालचा जबडा एकमेकांपासून किती लांब राहतात ते. हे वाचताना तुमचं तोंड मिटलेलं असेल तर बघा, ओठ टेकलेत पण दात टेकलेले नाहीत. जबडा आरामात असला की वरच्या-खालच्या दातांत साधारण २ ते ४ मिमी फट असते, आणि त्या फटीमुळेच चावायच्या स्नायूंना दिवसभर विश्रांती मिळते. सगळे दात गेले की जबडा किती मिटायचा हे सांगणारं तोंडात काहीच उरत नाही, मेण मऊ असेल आणि आजी जोरात चावल्या तर उंची कमी येणार, मेण कडक असेल तर जास्त येणार, म्हणून "चावा" म्हणून उंची ठरतच नाही. ती आधी मोजायची असते.

मोजतात कसं ते सांगते. अॅक्रिलिकच्या, म्हणजे कवळीच्या कडक प्लास्टिकच्या, बेसवर मेणाचे दोन कठडे बनवतात. वरचा आधी घडवायचा, ओठ आरामात असताना तो ओठाखाली १-२ मिमी दिसला पाहिजे, वय जास्त असेल तर त्याहून कमी, समोरून बघितलं तर दोन बाहुल्यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर आणि बाजूने बघितलं तर नाकपुडीपासून कानापर्यंतच्या रेषेला समांतर. मग नाकाच्या टोकावर एक ठिपका, हनुवटीवर एक ठिपका. पेशंट ताठ बसलेला, डोकं खुर्चीला न टेकवता. ओठ ओले करा, आवंढा गिळा, खांदे सैल सोडा, आता "म" म्हणा आणि तसेच राहा. त्या क्षणी दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं, समजा ६८ मिमी आलं. मग खालचं मेण थोडं थोडं कापत जायचं, दोन्ही कठडे टेकल्यावर अंतर ६५च्या आसपास यावं, म्हणजे ३ मिमीची फट शिल्लक राहिली. वाचायला सोपं वाटतं पण आरामाची जागा दर वेळी थोडी हलते, मान वर केली की बदलते, माणूस घाबरलेला असला की बदलते, म्हणून हे पुन्हा पुन्हा मोजायचं असतं आणि एका आकड्यावर विसंबायचं नसतं. दंतवैद्य निस्वोंगर यांनी १९३४ मध्ये या आरामाच्या जागेवर लिहिलं, तेव्हापासून ही पद्धत चालत आलीये आणि तिच्या मर्यादा पण तेवढ्याच जुन्या आहेत.

म्हणून दुसरी परीक्षा बोलण्याची. दंतवैद्य सिल्व्हरमन यांनी १९५३ मध्ये दाखवलं की "स" म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात पण टेकत नाहीत. मी माझ्या पेशंटना पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट असे आकडे म्हणायला लावते. शाळेत न गेलेल्या आजींना ते जड गेले तर नातवंडांची, गावाची नावं घ्यायला सांगते, "स" कुठेतरी येतोच. त्या वेळी मेणाला मेण लागून आवाज आला तर उंची जास्त आहे, कापा. तुमच्या आईचे दात फोनवर वाजतात ते हेच आहे, तिच्या "स"ला लागणारी जागाच कवळीने खाऊन टाकलीये.

आणि हिरडी लाल का, तर फट नाही म्हणजे दात दिवसभर टेकलेले, स्नायूंना सुट्टी नाही आणि हिरडीवरचा दाब कधी सुटतच नाही. अशा वेळी कवळी आतून घासत राहिलं तर आजचं टोचणं थांबतं, दोन दिवसांनी शेजारी टोचतं, आणि होतं काय की घट्ट बसणारी चांगली कवळी सैल होत जाते. म्हणून आता आतून घासणं थांबवा.

घरी एवढं करा. आईला पाठीला आधार न देता ताठ बसवा, "मामा" म्हणायला लावा, शेवटच्या "मा"नंतर ओठ आपोआप सैल मिटू द्या, मग बोटांनी ओठ हलकेच बाजूला करून बघा दात टेकलेत का. मग ते पासष्ट-सहासष्ट. दोन्हीत दात लागत असतील तर डॉक्टरांना जाऊन सांगा की आधी उंची एकदा मोजून बघा. भांडू नका, बहुतेक डॉक्टर ऐकतात. फरक थोडा असेल तर दातांच्या चावायच्या बाजूने नीट घासून जमतं, जास्त असेल तर बाइट नव्याने घेऊन एका कवळीचे दात पुन्हा लावावे लागतात किंवा कवळीच नवी करावी लागते. शुगर, कोरडं तोंड, बुरशी आणि रात्री कवळी घालून झोपणं यानेही हिरडी लाल होते, तेही एकदा बघून घ्या.

आणि "सवय होईल" हे लाळ जास्त सुटणं, तोंड भरल्यासारखं वाटणं, शब्द अडखळणं याबद्दल खरं आहे, काही आठवड्यांत होते सवय. चार महिन्यांच्या दुखण्याला सवय हे उत्तर नाही, आईला तसं सहन करायला लावू नका.

बाबांची कवळी १२ वर्षं जुनी. दात झिजून सपाट झालेत, हनुवटी नाकाजवळ आल्यासारखी दिसते आणि ओठांचे कोपरे सारखे चिरतात. नवीन डॉक्टर म्हणतात उंची वाढवावी लागेल पण हळूहळू. बाबा म्हणतात मला भाकरी खाता येते, काही नको. – एक वाचक, नाशिक

ताई, डॉक्टर बरोबर सांगतायत आणि बाबांचं पण चुकीचं नाहीये. तुमच्याकडे वरच्या प्रश्नाच्या उलटं झालंय, उंची कमी झालीये. एक तर अॅक्रिलिकचे दात झिजतात, दुसरं म्हणजे दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, ते थांबत नाही. संशोधक टॉलग्रेन यांचा १९७२चा अभ्यास आहे, २५ वर्षांचा, त्यात खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजलेलं दिसलं. त्यामुळे खालचा जबडा वर आणि पुढे फिरतो, म्हणून हनुवटी नाकाकडे येते. ओठांच्या कोपऱ्यात घडी पडते, तिथे लाळ साचते, मग बुरशी धरते आणि चीर बरी होत नाही. क्रीमने तात्पुरतं बरं वाटेल. शुगर, लोह आणि बी-१२ मात्र तपासून घ्या, कारण चिरा त्यानेही पडतात आणि मग उंची कितीही नीट केली तरी त्या जात नाहीत.

हळूहळू का, तर १२ वर्षं बाबांच्या स्नायूंनी या कमी उंचीशी जुळवून घेतलंय, एका दिवसात ७-८ मिमी वाढवली तर ते म्हणतील तोंडात वीट ठेवली आणि कवळी डब्यात जाईल. म्हणून जुन्याच खालच्या कवळीच्या दातांवर अॅक्रिलिकचा थर देऊन थोडी उंची वाढवतात, काही आठवडे खाऊन-बोलून बघतात, जमलं तर अजून थोडी. जिथे बाबांना बरं वाटतं ती उंची नव्या कवळीत घ्यायची. यात बाबांचं भाकरी खाणं बंद पडत नाही हे त्यांना सांगा, ते तयार होतील.

अजून एक, बाबांचा दात असतानाचा समोरून काढलेला फोटो शोधा, लग्नातला, पासपोर्टचा, कुठलाही, फक्त हसताना नको. त्या फोटोचा खराखुरा उपयोग होतो. समजा फोटोत दोन बाहुल्यांमधलं अंतर २० मिमी आहे आणि प्रत्यक्षात बाबांचं ६० मिमी, म्हणजे फोटो चेहऱ्याच्या एक तृतीयांश आहे, मग फोटोतलं भुवई ते हनुवटी अंतर मोजायचं आणि ३ ने गुणायचं, की तेव्हाची उंची अंदाजे हाती येते. तेवढीच परत द्यायची असं नाही, पण आपण किती खाली आलोय ते कळतं. आणि उंची वाढवली की सुरकुत्या जातील अशी आशा कोणी दाखवली तर तिच्या मागे लागू नका, तरुण दिसण्यासाठी उंची वाढवलेल्या कवळ्याच पुढे जास्त त्रास देतात.

माझं वय ६६. बाइट घेताना डॉक्टर म्हणत होते "जबडा मागे घ्या" आणि मला ते जमेचना. दर वेळी वेगळीकडेच मिटायचा. शेवटी ते पण वैतागले आणि मी पण. मागे घ्यायचाच कशाला? मला पुढे मिटायला सोपं जातं. – एक वाचक, पुणे

काका, हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं. मागचे दात आधी गेले आणि पुढचे चार-सहा राहिले की माणूस वर्षानुवर्षं जबडा पुढे आणून पुढच्या दातांनी चावतो, आणि ते गेले तरी सवय राहते.

मागे का, ते सांगते. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा, बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. जबडा पुढे, डावीकडे, उजवीकडे कुठेही सरकू शकतो, पण त्या सांध्यात बिजागरीसारखा नुसता फिरतो अशी एक जागा असते आणि तिथे तो पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतो. दात नसलेल्या तोंडात भरवसा ठेवावा अशी तेवढीच जागा उरते. तुम्ही पुढे मिटलेली बाइट घेऊन कवळी केली तर आरशात छान दिसेल, पण जेवताना, आवंढा गिळताना जबडा मागे जाणारच, मग मागचे दात जुळणार नाहीत, घासाबरोबर कवळी सरकणार आणि तुम्ही म्हणाल सैल आहे. ती सैल नसते, दात तिला ढकलत असतात.

आता जमवायचं कसं. "मागे घ्या" म्हटलं की गंमत म्हणजे बरेच जण उलट पुढेच ढकलतात, स्नायू ताणले जातात म्हणून. त्याऐवजी वरच्या बेसला मागच्या बाजूला मेणाची बारीक गोळी चिकटवतात, जिभेचं टोक त्या गोळीला लावायचं आणि तसंच हळू मिटायचं, जीभ मागे गेली की जबडा आपोआप मागे जातो. किंवा आवंढा गिळत मिटायचं. किंवा वरचा जबडाच पुढे काढतोय असं मनात आणून मागच्या दातांनी मिटायचं, वरचा जबडा काही हलत नाही पण खालचा बरोबर मागे जातो. घरी रोज आरशासमोर थोडा सराव करा, जोर न लावता, पुढच्या वेळी फरक पडेल.

जमलं की नाही हे डॉक्टरांनी एकदाच घेऊन ठरवू नये. मेणाच्या कठड्यांत खाचा करून मध्ये मऊ पेस्ट किंवा मेण घालून नोंद घेतात, मग ती बाजूला ठेवून पुन्हा घेतात, दोन्ही एकमेकांशी जुळल्या तर पुढे जायचं. तरीही होत नसेल तर एक जुनी सुंदर पद्धत आहे. एका जबड्यावर टोकदार पिन, दुसऱ्यावर काळी केलेली पट्टी, जबडा पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे करायचा आणि पट्टीवर बाणाच्या टोकासारखी रेघ उमटते. टोक अणकुचीदार आलं तर तीच मागची जागा, गोल किंवा दुहेरी आलं तर जबडा अजून नीट येत नाहीये. झुरिकचे दंतवैद्य आल्फ्रेड गिझी यांनी ही १९१०च्या सुमारास रूढ केली आणि आजही वापरतात. पेशंटला ती रेघ दाखवली की त्यालाही कळतं आपण काय करतोय ते, मला स्वतःला म्हणून ती फार आवडते.

जुनी कवळी घालत असाल तर माप द्यायच्या आधी दिवसभर तरी काढून ठेवा, दबलेली हिरडी पूर्ववत होते. आणि वैतागलात तर सरळ सांगा, "डॉक्टर, आज थकलो, उद्या येतो." थकलेल्या जबड्याची बाइट घेऊन काही उपयोग नसतो.

आम्ही दुबईत असतो. आईला सोलापूरहून मुंबईला आणून १५ दिवसांच्या सुट्टीत कवळी करून द्यायची आहे. खालचे पाच दात हलतायत, ते काढावे लागतील. हल्ली स्कॅन करून दोन दिवसांत होतं म्हणे. – एक वाचक

दात आधीच गेलेले असते आणि हिरडी भरलेली असती तर १५ दिवसांत बसलं असतं, पहिलं माप, दुसरं माप, बाइट, ट्रायल (मेणात लावलेले दात तोंडात घालून बघणं), कवळी आणि नंतर किमान एक-दोनदा टोचणं बघायला, तेही लॅब जवळ असेल तर. पण दात काढायचेत म्हणजे नाही. हिरडी भरायलाच काही आठवडे जातात आणि हाड पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त बदलतं. आईला बिनदाताचं राहायचं नसेल तर दात काढल्याच दिवशी बसवायची कवळी करता येते, पण काही महिन्यांत ती आतून भरून घ्यावी लागते, आणि तेव्हा तुम्ही दुबईत असाल, म्हणजे आईला सोलापूरहून नेणार कोण ते आधी ठरवा. त्यापेक्षा सोलापुरातच चांगला कवळी करणारा डॉक्टर बघा असं मी म्हणेन.

एक मात्र लगेच करा. ते पाच दात वरच्या कशाला टेकत असतील तर आईची उंची अजून तोंडात शिल्लक आहे. काढायच्या आधी दोन्ही जबड्यांची मापं, बाइट आणि समोरून-बाजूने फोटो घेऊन ठेवायला सांगा. दात एकदा काढले की ही माहिती परत मिळत नाही.

स्कॅनचं म्हणाल तर मशीनवर कोरलेल्या कवळ्या चांगल्या येतात, फेऱ्या कमी होतात, कवळी हरवली तर फाइल असते. पण जबडा आरामात कुठे राहतो हे स्कॅनरला दिसत नाही, ते आईला बसवून, बोलायला लावूनच बघावं लागतं, तो वेळ वाचत नाही.

वडिलांना पार्किन्सन्स आहे, तोंड हलत राहतं. बाइट येईल का? – एक वाचक, नागपूर

येते, वेळ साधावी लागते. गोळी घेतल्यावर साधारण तास-दीड तासाने कंप कमी असतो, तेव्हाची अपॉइंटमेंट मागा आणि गोळी कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा. एका बैठकीत सगळं उरकू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर तुमच्या गावातच सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे कवळीचा वेगळा विभाग असतो, फेऱ्या जास्त होतात पण शिकणाऱ्या मुलांवर शिक्षकांची नजर असते आणि बाइट घाईत होत नाही.

खालची कवळी कधीच टिकत नाही, इम्प्लांट करावेच लागतील का? – एक वाचक, कोल्हापूर

करावेच लागतील असं नाही, पण खालचं हाड फारच झिजलं असेल तर पुढे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, घालून त्यावर कवळी अडकवणं हा उत्तम उपाय आहे, २००२ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी हीच पहिली निवड असावी असं म्हटलं होतं. मात्र इम्प्लांटच्या कवळीलाही बाइट घ्यावीच लागते. आधी आत्ताच्या कवळीची उंची आणि मागची जागा तपासून घ्या, दोष तिथे असेल तर इम्प्लांटवर खर्च करूनही तीच कवळी तसाच त्रास देईल.

ट्रायलच्या दिवशी नक्की काय बघायचं असतं? डॉक्टर विचारतात "बरं वाटतंय ना?" आणि आई हो म्हणून येते. – एक वाचक, रत्नागिरी

आईबरोबर तुम्ही जा. ट्रायलमध्ये दात मेणात लावलेले असतात, म्हणजे अजून सगळं बदलता येतं, यानंतर मेणाच्या जागी अॅक्रिलिक भरून ते गरम पाण्यात शिजवतात आणि मग छोटा बदल पण मोठं काम होऊन बसतो. आरसा हातात धरून नको, खिडकीच्या उजेडात जरा लांबून बघू दे. ओठ ओढून न घेता मिटतात का, दाताची मधली रेघ चेहऱ्याच्या मध्याला आहे का, हसल्यावर गुलाबी भाग फार दिसतो का. मग बोलायला लावा, पेपरमधलं काहीतरी मोठ्याने वाचू दे, पासष्टपासून सत्तरपर्यंत मोजू दे आणि तुम्ही नुसते दातांचा आवाज ऐका. मग तीन-चारदा तोंड उघडून हळू मिटायला सांगा, दर वेळी दोन्ही बाजूंचे मागचे दात एकदमच टेकले पाहिजेत, एक बाजू आधी लागून मग जबडा सरकत असेल तर बाइट पुन्हा घ्या म्हणून तिथेच सांगा. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, आम्हाला त्या दिवशी ऐकलेलं परवडतं. वडीलधाऱ्या पुरुषांना मिशी असेल तर ती रोजच्यासारखीच ठेवून या. आणि ट्रायलमध्ये जोरात चावून बघू नका, मेण मऊ असतं, दात हलतात आणि इतकं मोजून घेतलेलं बिघडतं.